फुंक आणि काटा

पुण्याच्या शनिवारवाड्यात दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. आत शिरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर कितीतरी उंच, मोकळ्या वाऱ्यात. सनई-चौघड्याला ही जागा मिळाली त्यामागे मान होता, वाड्याची शोभा होती आणि एक साधा व्यवहारही होता. सनई हे खोलीत मांडीला मांडी लावून ऐकायचं वाद्य नाही. इवल्याशा पत्तीतून निघालेला तिचा आवाज पुढे रुंदावत जाणाऱ्या नळीतून बाहेर पडतो, तो पेठ ओलांडून जातो. देवळांतही नगारखाना महाद्वारावरच असायचा. लग्नात वाजंत्री मांडवाच्या दाराशी बसायचे, बोहल्याशेजारी नाही. सनईचा आवाज कमी करायची सोय सनईत नव्हती, ती अंतरात होती.

ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू झाला तेव्हा त्यालाही आधी अंतरच हाताशी लागलं. एखाद्या वाद्याच्या सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात जो फरक असतो, त्याला या धंद्यात डायनॅमिक्स म्हणतात. गाण्याचं मिक्सिंग करताना हा फरक काबूत ठेवावा लागतो. नाहीतर हळू सूर तबल्याखाली गाडले जातात आणि मोठे सूर गायकाच्या अंगावर येतात. सुषिर वाद्यांत, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांत, हे काम सगळ्यांत अवघड. मुंबईतल्या सिनेसंगीताच्या माणसांनी ते जवळजवळ चाळीस वर्षं हातानं, पायानं आणि छातीनं केलं. त्याचा हा इतिहास.

१९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता तेव्हा त्या कामात विजेचा संबंधच नव्हता. भला मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. कर्ण्यात शिरलेली हवाच सुई हलवायची. आवाज वाढवायला किंवा कमी करायला कुठेही नॉब नव्हता. सूर जोरात आला की सुई उधळायची, खाच वेडीवाकडी व्हायची आणि अख्खी मेणाची चकती वाया जायची. मुद्रण करणाऱ्याच्या हाती एकच उपाय होता: माणसाला पुढे ओढायचं किंवा मागे ढकलायचं.

याची सगळ्यांत प्रसिद्ध हकिगत अमेरिकेतली आहे. १९२३च्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हरचा जॅझ वाद्यवृंद इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला. कॉर्नेट वाजवणारे दोन होते, स्वतः ऑलिव्हर आणि बावीस वर्षांच्या आतला लुई आर्मस्ट्राँग. दोघं शेजारी उभे राहिले तर ऑलिव्हर ऐकूच येईना, इतकी या पोराची फुंक दमदार. शेवटी त्याला बारा-पंधरा फूट मागे, कोपऱ्यात उभं केलं. त्याच वाद्यवृंदात पियानो वाजवणारी आणि पुढे त्याची पत्नी झालेली लिल हार्डिन ही गोष्ट सांगायची. त्या कोपऱ्यात तो फार उदास दिसत होता, असंही तिला आठवायचं. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या ट्रम्पेटवादकाचा ध्वनिमुद्रणाशी पहिला परिचय झाला तो असा, मागे सरकून.

१९२५मध्ये मायक्रोफोन आणि विजेवरचं मुद्रण आलं आणि कर्ण्याचे दिवस सरले. आता आवाज तारेतून वाहायला लागला, म्हणजे त्याला वाटेत अडवणं शक्य झालं. तरी खरी अडचण तशीच राहिली, कारण आवाज शेवटी कशावर तरी उमटवायचा होता आणि त्या वस्तूची सहनशक्ती ठरलेली होती. लाखेच्या तबकडीवर सूर फार मोठा झाला तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसायची. फार हळू झाला तर सुईच्या खरखरीत हरवायचा.

बोलपटानं ही कोंडी आणखी घट्ट केली. १९३१मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. फिल्मवर चित्राच्या कडेला सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी असते. आवाज त्या पट्टीत प्रकाशानं लिहिला जायचा, काळ्या-पांढऱ्या लाटेच्या रूपात. लाट पट्टीपेक्षा मोठी झाली की तिचे शेंडे छाटले जायचे आणि पडद्यामागच्या कर्ण्यातून आवाज फाटून बाहेर यायचा. लाट फार लहान झाली की फिल्मवरची धूळ आणि ओरखडे तिच्यापेक्षा मोठे बोलायचे. त्या सुरुवातीच्या वर्षांत प्लेबॅकही नव्हतं. नट कॅमेऱ्यापुढे गायचा आणि वाजवणारे चौकटीबाहेर, पडद्यामागे नाहीतर झाडामागे लपून वाजवायचे. माइक नटासाठी टांगलेला असायचा. बासरीवाल्यानं त्या माइकच्या हिशेबानं आपली जागा शोधायची. १९३५च्या ‘धूप छाँव’नंतर गाणी वेगळी मुद्रित व्हायला लागली आणि वाजवणाऱ्यांना उभं राहायला एकदाचा हॉल मिळाला.

इथे थोडं थांबून फुंकेचा स्वभाव समजून घ्यायला हवा. तो कळला नाही तर पुढची सगळी धडपड उगाचची वाटेल.

सतारीची तार छेडली की आवाज उठतो आणि लगेच विरायला लागतो. फुंकेचा आवाज विरत नाही. छातीत दम आहे तोवर तो तसाच उभा असतो. म्हणून सतार आणि बासरी मीटरवर सारख्या उंचीला पोचल्या तरी कानाला बासरी मोठी वाटते. दुसरी गोष्ट अशी की या वाद्यांत जोर आणि पट्टी एकमेकांना बांधलेली आहेत. बासरीच्या मंद्र सप्तकात फुंक हलकी लागते, सूरही हलकाच निघतो. तार सप्तकात जायचं तर फुंक जोरदारच मारावी लागते. त्याच सुरावर राहून फुंक वाढवली तर सूर चढतो, मग ओठ वळवून तो खाली आणावा लागतो. म्हणजे बासरीवाल्यानं काहीही मनात आणलं नाही तरी चाल वर गेली की आवाज मोठा होणार आणि खाली आली की बुडणार.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. फुंकेचा जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा रंग बदलतो. हळू वाजवलेला ट्रम्पेट गोल, मऊ असतो, आणि जोरात वाजवलेला पितळेसारखा झणझणीत. रेडिओवर कुणी ओरडत असेल आणि आपण बटण पिरगाळून आवाज बारीक केला, तरी तो माणूस कुजबुजायला लागत नाही. तो ओरडतच असतो, फक्त लांबून. मिक्सिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाची सगळी पंचाईत या एका गोष्टीत आहे. जोरात फुंकलेला सूर नंतर खाली आणता येतो, पण तो हळू वाजवलेला सूर होत नाही. जे करायचं ते फुंक नळीत असतानाच करायला हवं.

मुंबईत हे आधी ज्यांना नीट कळलं ते वाजवणारे गोव्याचे होते. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट हातात येण्याआधी कागद वाचता यायचा. ही मुलं मोठी होऊन मुंबईला आली, धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत राहिली, हॉटेलांत, क्लबांत, मूकपटांच्या थिएटरांत वाजवू लागली आणि १९४०च्या दशकात सिनेमाच्या हॉलमध्ये शिरली. त्यांच्या कागदावर सुरांबरोबर आणखी खुणा असत. इथे पियानो, म्हणजे हळू. इथे फोर्ते, म्हणजे जोरात. इथून तिथपर्यंत क्रेशेंडो, म्हणजे चढवत न्या. आपल्याकडच्या संगीतात आवाजाचा चढउतार कलावंताच्या मर्जीवर असतो, तो कुणी लिहून देत नाही. सिनेमाच्या वाद्यवृंदात तो प्रथमच कागदावर आला. चार ट्रम्पेट एकाच क्षणी हळू व्हायला लागले. मिक्सिंगचं निम्मं काम तिथेच उरकलं.

आल्दोना गावच्या अंतोनियो शावियर वाझला सगळी मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड होता आणि आर्मस्ट्राँगच्या ढंगात तो ट्रम्पेट वाजवायचा. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला सहायक म्हणून घेतलं. १९५१च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. ही गाणी आज ऐकताना ट्रम्पेटकडे मुद्दाम कान द्यावा. गाण्यातल्या ओळींच्या मधल्या जागांत तो मोकळा सुटतो आणि गायक परत आला की स्वतःहून बाजूला होतो. हे वाजवणाऱ्याचं शहाणपण आहे. हॉटेलात नाचणाऱ्या जोडप्यांपुढे, गाणाऱ्या बाईच्या मागे रोज रात्री वाजवून ते अंगात मुरलेलं होतं.

गोव्याच्या या ट्रम्पेटवाल्यांकडे आणखी एक हत्यार होतं, म्यूट. ट्रम्पेटच्या रुंद तोंडात बसवायची शंकूच्या आकाराची बुचं, कुठली पुठ्ठ्याची, कुठली ॲल्युमिनियमची. प्रत्येकाचा आवाज वेगळा. बूच बसलं की आवाज घटतो आणि त्याच्या रंगातही फरक पडतो. ट्रम्पेट जणू शेजारच्या खोलीत जातो, पण चेहरा ओळखू येतो. दोन ओळींच्या मधे एका हातानं बूच काढून गुडघ्यात धरायचं आणि दुसऱ्या हातानं वाद्य ओठांना लावायचं, हेही शिकावंच लागे.

त्या काळच्या रेकॉर्डिंगचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता: पुन्हा संधी नाही. ताडदेवचा फेमस असो, वांद्र्याचा मेहबूब असो, साठ-सत्तर वादक, कधी त्याहून जास्त, आणि गायक एकाच वेळी वाजवत-गात. सगळ्यांचा आवाज मोजक्या माइकांतून एकाच ट्रॅकवर. मिक्सिंग नंतर कधीतरी व्हायचं काम नव्हतं, ते त्याच साडेतीन मिनिटांत व्हायचं. एका ट्रम्पेटवाल्याचा सूर फुटला की सगळ्यांनी पहिल्यापासून.

म्हणून टेकच्या आधीचे तास महत्त्वाचे. रिहर्सल चालू असताना रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून ऐकायचा आणि मग हॉलमध्ये येऊन माणसं हलवायचा. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन मागच्या भिंतीला. क्लॅरिनेट मधे. बासरी माइकच्या अगदी जवळ, कारण तिची मंद्र सप्तकातली फुंक चार फुटांवर विरून जाते. जवळ, पण थोडी तिरकी, नाहीतर सुराऐवजी वारा मुद्रित व्हायचा. सॅक्सोफोनचा आवाज नुसत्या तोंडातून येत नाही, नळीवरच्या उघड्या छिद्रांतूनही येतो. त्याच्या तोंडाशी माइक धरला तर खालचे सूर दणकन आदळतात आणि मधले पातळ होतात. म्हणून माइक जरा दूर आणि मधोमध. एकट्याचा तुकडा असला की वादकानं उठून दोन पावलं माइककडे यायचं आणि तुकडा संपला की पाय न वाजवता मागे जायचं. ही दोन पावलं रिहर्सलमध्ये पक्की होत, सुरांइतकीच.

टेक सुरू झाला की रेकॉर्डिस्टच्या बोटांवर सगळं. समोर मीटरचा काटा, हाताखाली थोडे नॉब. चाल त्याला पाठ हवी. बासरीचा तुकडा येणार त्याच्या अर्धी मात्रा आधी नॉब वर जायला हवा, तुकडा सुरू झाल्यावर गेला तर पहिला सूर गेलाच. बासरी तार सप्तकाकडे निघाली की तिथे पोचायच्या आत नॉब केसभर मागे. मंद्रात उतरली की पुन्हा पुढे, पण इतकंच की तिच्या पाठीमागच्या व्हायोलिनांचा आवाज त्याबरोबर वर येऊ नये, कारण बासरीच्या माइकमध्ये तीही ऐकू येतच असतात. काटा बघून हे काम होत नाही. अमेरिकेत १९३९मध्ये ठरलेल्या व्हीयू मीटरचा काटा आवाजाच्या मागून धावतो, पूर्ण चढायला त्याला ३०० मिलिसेकंद लागतात. जिभेच्या ठोक्यानं सुरू झालेला ट्रम्पेटचा सूर काट्याला कळेपर्यंत फिल्मवर उमटूनही गेलेला असतो. रेकॉर्डिस्टला काट्याच्या पुढे चालावं लागे.

मिनू कात्रक, कौशिक, रॉबिन चटर्जी, डी. ओ. भन्साळी या रेकॉर्डिस्टांची ही कमाई आहे. राजकमल स्टुडिओत मंगेश देसाई होते. सिनेमाचं अंतिम ध्वनिमिश्रण म्हटलं की पुढे कित्येक वर्षं त्यांच्याच नावाला मान होता. या मंडळींना तंत्रज्ञ म्हणून सोडून देणं हा अन्याय आहे. गाण्याच्या प्रत्येक वळणावर त्यांनी निर्णय घेतलेला आहे, आणि तो आपल्या कानात आजही आहे.

१९६४च्या ‘काश्मीर की कली’मधलं महंमद रफींचं दारूच्या नशेतलं गाणं घ्या. ओ. पी. नय्यरांच्या या गाण्यात मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे. तो गाण्याआधी येतो, ओळींच्या मधे येतो, रफींच्या आवाजाला टेकून चालतो. दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर, दोन्ही भरदार आणि एकाच पट्ट्यात फिरणारे. कागदावर बघितलं तर एकानं दुसऱ्याला खाऊन टाकायला हवं. मनोहारी सिंग सूर फुंकेनंच मऊ ठेवतात, ओठांशी थोडी हवा सुटू देतात, त्यामुळे सॅक्सोफोन मोठा न होताही जवळचा वाटतो. इतका जवळचा आवाज मागाहून नॉब फिरवून मिळत नाही.

सनईची कथा वेगळी. तिला म्यूट नाही, तिचे वादक कागद वाचत नसत, आणि ती मुळात नगारखान्याची. १९५९मध्ये विजय भट्ट यांनी ‘गूँज उठी शहनाई’ काढला. संगीत वसंत देसाईंचं. कुडाळच्या मुलखातला, प्रभात आणि राजकमलमध्ये घडलेला हा माणूस. सनईला बिस्मिल्ला खाँ. चित्रपटात सनई नुसती मंगल प्रसंगाला वाजत नाही, ती नायकाचा आवाज आहे. तिला कुजबुजावं लागतं, रडावं लागतं, अमीर खाँसाहेबांच्या गळ्याशेजारी आणि अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीशेजारी बसावं लागतं. सनई आणि सतार! एकीसाठी दरवाजावर मजला बांधलेला, दुसरी दिवाणखान्यातली. माइकच्या जागा बदलून ही तफावत काही अंशी भरून येते, सगळी नाही.

ती भरून काढली बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या ओठांनी. पत्तीवरचा ओठांचा दाब आणि छातीतली हवा यांचं प्रमाण बदलत ते सनईला गळ्यासारखी हळू करत. सनई एवढी हळू होऊ शकते हे आधी फारसं कुणाच्या ध्यानात नव्हतं. त्यांच्या आणि व्ही. जी. जोग यांच्या सनई-व्हायोलिनच्या जुगलबंदीच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. मुंबईत जन्मलेल्या जोगांचं व्हायोलिन सनईपुढे कुठेही दबत नाही. दोघांनी एकमेकांचा आवाज कानानं मोजून आपापली फुंक आणि आपापला गज बेतलेला आहे. रेकॉर्डिस्टला तिथे करायला फार थोडं उरतं, आणि ते थोडं न करण्याची समज त्याच्याकडे होती.

बासरीत हेच वळण पन्नालाल घोषांनी आणलं. १९४०मध्ये ते कलकत्त्याहून मुंबईला आले. ख्यालाचा भार पेलण्यासाठी त्यांनी हातभरापेक्षा कितीतरी लांब, सुमारे ३२ इंचांची बासरी घडवली. तिचा मंद्र खोल आणि गंभीर, पण आवाजानं फार नाजूक. मैफलीत तो मागच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही. माइकनं तो पोचवला. मायक्रोफोन नसता तर ही बासरी मोठ्या सभागृहात टिकली नसती, असं म्हणायला हरकत नाही.

ही वाट पुढे हरिप्रसाद चौरसियांपर्यंत येते. १९६७मध्ये एचएमव्हीनं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी मुद्रित केली. तिच्यामागे जी. एन. जोशी होते, स्वतः नावाजलेले भावगीतगायक. संतूर शिवकुमार शर्मांचं, गिटार ब्रिजभूषण काबरांची, तबला माणिकराव पोपटकरांचा. संतूरवर पडलेला ठोका क्षणात विरतो, गिटारची मींड थोडी टिकते, बासरी मात्र टिकूनच असते. सरळ मुद्रण केलं असतं तर काश्मीरमधल्या एका दिवसाची कथा सांगणाऱ्या या तबकडीत बासरीच बोलत राहिली असती. प्रत्यक्षात बासरीखालून संतूरचे बारीक थेंब ऐकू येतात. चौरसिया ठिकठिकाणी फुंक आवरून घेतात, हेही नीट ऐकलं तर कळतं.

याच सुमाराला अमेरिकेत रेकॉर्डिस्टच्या बोटाची जागा घेणारी यंत्रं चांगली तयार झाली होती. रेडिओसाठी ती १९३०च्या दशकातच निघाली होती. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की यंत्र आपोआप तो खाली दाबायचं. कॉम्प्रेसर म्हणा की लिमिटर, तत्त्व एकच. १९५०च्या दशकाच्या अखेरीस फेअरचाइल्ड ६७० आला. त्यात २० व्हॉल्व्ह आणि वजन तिसेक किलो. टेलिट्रॉनिक्सच्या एलए-२एमध्ये एक दिवा होता. आवाज वाढला की दिवा उजळायचा, त्याच्या उजेडानं समोरच्या घटकाचा विद्युतरोध बदलायचा आणि आवाज उतरायचा. हा बदल सावकाश होतो, सावकाश ओसरतो. लांब, संथ सुरांना हे मानवतं. बिल पुटनम यांचा ११७६ याच्या उलट, सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात झडप घालणारा.

फुंकवाद्यांवर ही यंत्रं लावली तेव्हा त्यांचे गुणदोष उघडे पडले. यंत्रानं लगेच झडप घातली तर जिभेचा ठोका मारला जातो, ट्रम्पेट बोबडा होतो. उशिरा घातली तर पहिला क्षण फाटतो. दाब जास्त दिला तर मोठे सूर खाली येतात, मग सगळंच वर उचलावं लागतं, आणि त्याबरोबर बासरीतला वारा, वादकानं घेतलेला श्वास, सॅक्सोफोनच्या बटणांची टकटकही वर येते. यंत्राला चाल माहीत नसते. तार सप्तकातला सूर मोठा आहे कारण तो तिथे मोठाच हवा, हे त्याला कळत नाही. जोग-बिस्मिल्ला खाँ यांच्या जुगलबंदीत माणसांनी जे केलं ते यंत्राला कधीच जमलं नाही, असं ठामपणे म्हणता येतं.

१९७०च्या दशकात मुंबईत अनेक ट्रॅकची टेप आली. वेस्टर्न आउटडोअरसारख्या स्टुडिओंत प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करण्याची सोय झाली. १९८०च्या ‘कुर्बानी’तलं बिद्दूंचं गाणं लंडनमध्ये २४ ट्रॅकवर मुद्रित झालं, आणि त्याची स्वच्छता ऐकून इथल्या निर्मात्यांचे कान टवकारले. अनेक ट्रॅकचा फायदा मोठा होता, एका सुरासाठी सत्तर जणांना परत वाजवायला लागेना. नुकसान हळूहळू कळत गेलं. बासरीवाला आता हेडफोन लावून एकटा वाजवायला लागला. शेजारचं व्हायोलिन किती मोठं आहे हे त्याला ऐकू येईना. आवरायचं कशासाठी, कुणासाठी, हे समोर नसलं की फुंक मनासारखी सुटते. आवरण्याचं काम मागाहून मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन पडलं.

पुढे संगणक आला. आज मिक्सिंग करणारा माणूस पडद्यावर बासरीची लाट बघतो आणि सूर न् सूर वेगळा उचलू किंवा उतरवू शकतो. एका सुरावरचा निर्णय तो दहा वेळा बदलतो. जे चांगलं काम करतात त्यांची पद्धत मात्र ओळखीची आहे. ते आधी हातानं लाट सरळ करतात, ओळ न् ओळ ऐकत, चाल पाठ करत. कॉम्प्रेसर त्यानंतर, तोही हलका, दोन-तीन डेसिबलपुरता. १९९५च्या ‘बॉम्बे’ चित्रपटातली नवीन कुमार यांची बासरी ऐका. तिचा प्रत्येक श्वास ऐकू येतो. तो पुसून टाकलेला नाही, त्याला त्याची जागा दिली आहे.

आता एक गोष्ट उरते आणि ती तातडीची आहे. संगणकावर केलेल्या मिक्सिंगमध्ये फेडर, म्हणजे आवाजाचा सरकता नॉब, कुठे चढला, कुठे उतरला, याची रेघ फाइलीत शिल्लक राहते. पन्नास वर्षांनी कुणी ती उघडून बघू शकेल. ‘अलबेला’त ट्रम्पेटवाला किती फुटांवर उभा होता, ‘गूँज उठी शहनाई’त सनईचा माइक कुठे होता, त्याची रेघ कुठेच नाही. त्या तबकड्यांवर वाजवणाऱ्यांची आणि मुद्रण करणाऱ्यांची नावंही बहुतेक वेळा छापली गेली नाहीत. हे ज्ञान होतं ते माणसांच्या पायांत, ओठांत आणि बोटांत. त्यांतली बहुतेक माणसं गेली. जी उरली ती वांद्रे, माहीम, दादर, मडगाव, म्हापसा इथल्या घरांतून ऐंशीच्या पुढची आहेत. ज्यांच्या घरात, ओळखीत असा कुणी सनईवाला, बासरीवाला, ट्रम्पेटवाला किंवा रेकॉर्डिस्टचा सहायक असेल, त्यांनी त्यांच्याजवळ बसावं, एखादं जुनं गाणं लावावं आणि तुम्ही तेव्हा कुठे उभे होतात एवढं विचारून लिहून घ्यावं.